मालवण-तारकर्लीला पाण्याकाठच्या खानावळीत मासे मागवताना नक्की काय बघायचं?

पोटोबा

११ डिसेंबरला, गुरुवारी दुपारी मालवणात पोचायचं आणि शनिवारी सकाळी निघायचं असा बेत आहे. माणसं आठ. दोघं सत्तरीपुढची, दोन मुलं (६ आणि ९ वर्षं), एक पक्का शाकाहारी, एकीला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी. निदान एक जेवण तरी पाण्याकाठी, वाळूत टेबलं मांडलेल्या साध्या जागी व्हावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

ठिकाणांची नावं नकोत. त्या याद्या नेटवर ढिगाने आहेत आणि आचारी बदलला की निकामी होतात. मला हवंय ते असं: तिथे बसल्यावर काय विचारायचं, मासा ताजा आहे हे ताटात पडायच्या आधी कसं ओळखायचं, बिलात कुठे फसायला होतं.

माझं मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वादाला सोपं. थाळी हा पर्यटकांना गुंडाळायचा प्रकार आहे. अख्खा मासा निवडावा, तळून घ्यावा, सोबत भात आणि सोलकढी. बास.

---

दांडीवाला

मेनूकार्ड उघडूच नका. बसल्या बसल्या एकच प्रश्न: "आज काय गावलां?"

उत्तर देताना समोरचा आत जाऊन बघून आला तर चांगली खूण. उभ्या उभ्या "सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडा, सगळां आसा" म्हणाला तर फ्रीजरात सगळां आसा.

---

कल्ले_लाल

थाळीबद्दल असहमत.

थाळीत असतं काय? एक तळलेला तुकडा, रश्श्याची वाटी, कधी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) किंवा सुकटीचं सुकं, भात, चपाती किंवा भाकरी, सोलकढी, कांदा. तळलेल्या तुकड्यावरून थाळीचं नाव आणि दर ठरतो, पण खानावळीची खरी परीक्षा रश्श्यात होते. तो सकाळी एका पातेल्यात सगळ्यांसाठी होतो. त्यात त्या दिवशी स्वस्त मिळालेला मासा किंवा मोठ्या माशांची डोकी असतात, आणि नेमकी त्यानेच चव येते. अख्खा पापलेट तळून घेतलात तर मालवणी मसाल्याचं वाटण जिभेला लागणारच नाही. मग मालवणला आलात कशाला?

फसायला होतं ते थाळीच्या निवडीत. पाटीवर सगळ्यात वर सुरमई थाळी आणि पापलेट थाळी असतात. पर्यटक त्याच मागवतात, म्हणून त्या वर्षभर ठेवाव्या लागतात, आणि वर्षभर ठेवायच्या म्हणजे साठवणीतला माल आलाच. बांगडा, मुडदुशी, लेप, पेडवे यांचा साठा सहसा कोणी करत नाही. हे मासे पाटीवर खडूने लिहिलेले दिसले तर ते आजचे असायची शक्यता सुरमईपेक्षा पुष्कळ जास्त.

मोठ्यांसाठी बांगडा किंवा मुडदुशीच्या थाळ्या सांगा, मध्ये एखादा अख्खा मासा वरून घ्या. दोन्ही साधतं.

---

शेवटचा_घास

+१. बांगड्याला कमी लेखणाऱ्यांना तिरफळाची शिक्षा व्हावी.

---

नुस्तेकार

गोव्याकडून एक सावधगिरीची सूचना. नावांवर जाऊ नका, मासा डोळ्यांनी बघा. 'सरंगा' म्हटलं की मुंबई-रायगडवाल्याच्या डोळ्यांसमोर मोठं पापलेट येतं आणि सिंधुदुर्गात पुष्कळ जण हलव्याला सरंगा म्हणतात. दोन्ही मासे चांगले, पण दरात बराच फरक. आमच्याकडे सुरमईला इस्वण म्हणतात, कोळंबीला सुंगटां. रायगडचा जिताडा तो आमचा चोणक. मुंबईकर शिवल्या म्हणतात त्या इथे तिसऱ्या.

वेटर फसवतोच असं नाही. तो त्याच्या गावचं नाव सांगतो, तुम्ही तुमच्या गावचं ऐकता, आणि भांडण बिलावर होतं.

---

पोटोबा

@कल्ले_लाल, रश्श्याचा मुद्दा पटला. थाळीवरचा माझा शब्द अर्धा मागे.

पण बघायचं म्हणजे काय बघायचं? मसाला लावून ट्रेमध्ये मांडलेले तुकडे दाखवतात. त्यात काय कळणार?

---

कल्ले_लाल

मसाला लावलेल्यात काहीच कळत नाही, म्हणून तर तो आधीच लावून ठेवतात. बिनमसाल्याचा दाखवा म्हणायचं. लाजायचं नाही. इथे हा प्रश्न कुणाला अपमानाचा वाटत नाही, उलट गिऱ्हाईक जाणतं आहे हे कळतं.

अख्खा मासा असेल तर आधी कल्ला उचला. लालभडक किंवा गुलाबी असेल तर ठीक. तपकिरी, चिकट तार सुटणारा असेल तर नको. मग डोळा: बाहेर आलेला आणि नितळ हवा, आत खोल गेलेला आणि दुधाळ नको. बोटाने पाठीवर दाबा, खड्डा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा हवा. नाकात चढणारा अमोनियासारखा वास मोरीला (म्हणजे मुशीला) फार लवकर येतो, तिच्या अंगात युरिया असतो म्हणून. तसा वास आला की मोरीचं नाव काढू नका, मसाल्याने तो दबत नाही.

पापलेटाला कल्ल्याजवळ दाबलं की पांढरट पाणी येतं. लालसर आलं तर शिळं.

सुरमईचे तुकडे आधीच पाडलेले असतील तर कडा बघा. कडेला पिवळट, तेलकट रेघ असेल तर तिची चरबी खवट झालेली आहे. मधला काटा मांसाला घट्ट धरून असायला हवा. काट्याभोवती फट पडली असेल किंवा मांसाच्या पाकळ्या सुट्या होत असतील तर तो तुकडा बरेच दिवस थांबलाय, किंवा गोठवून वितळवून पुन्हा गोठवलाय.

तुकड्याची जाडीही बघा. अर्धा इंच बरोबर. पाव इंचाचा तुकडा ताट भरून दिसतो, पण तव्यावर दोन्ही बाजू होईपर्यंत आतून कोरडा ठणठणीत होतो. आणि पोटाकडचा तुकडा मागा. शेपटीकडचा गोल आणि लहान असतो, दर मात्र तोच.

---

हिमखंड

इथपर्यंत ठीक, पण वर 'फ्रीजर' हा शब्द शिवीसारखा वापरलाय त्याला हरकत घेतो. बर्फातला मासा म्हणजे शिळा मासा, ही समजूत काढून टाका. होडीवरच बर्फात घातलेला दोन दिवसांचा मासा हा दुपारभर उन्हात वाळूवर पडलेल्या 'आजच्या' माशापेक्षा कधीही चांगला.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा या गडद मांसाच्या माशांच्या बाबतीत तर हे आरोग्याशी बांधलेलं आहे. त्यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा काही तास बर्फाबाहेर राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि एकदा झालं की ते तळून, उकळून, कशानेही जात नाही. खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक म्हणतात, "मला बांगड्याची ॲलर्जी झाली." पुष्कळदा ती ॲलर्जी नसतेच. पहिल्याच घासाला जिभेवर मिरीसारखी चुरचुर जाणवली आणि ती मसाल्याची वाटली नाही, तर ताट बाजूला सारा.

तेव्हा "आजचा आहे का" याच्या जोडीला "बर्फ कधी लावला" हेही विचारा.

---

दांडीवाला

@हिमखंड, बरोबर बोललात. माझ्या वाक्यात 'जुना फ्रीजर' असा बदल करून वाचावा.

वेळेचं गणित असं. मालवणच्या किनाऱ्यावर मुख्य लिलाव संध्याकाळी होतो. तिथून उचललेला मासा रात्रीच्या जेवणाला सगळ्यात ताजा, दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फातला. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली असेल तर दुपारीही ताजं मिळतं, पण रापणीला किनाऱ्याजवळचे मासे लागतात, म्हणजे पेडवे, तारल्या, मुडदुशी, बांगडे, थोडी कोळंबी. भली मोठी सुरमई रापणीची म्हणून कोणी खपवायला लागला तर हसून सोडून द्या.

---

अर्धीवाटी

मासेमारीबंदीच्या काळात मग काय मिळतं? मे-जूनचा विचार करणाऱ्यांसाठी विचारतेय.

---

दांडीवाला

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्या बंद. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना मुभा असते, पण त्या पावसात दर्या कुठे जाऊ देतो? मे महिना मात्र मोकळा.

पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे दोन्ही किनारे एकदम बंद असे फक्त १ ते १४ जून. १५ जूननंतर तिकडचा मासा गाडीने इकडे यायला लागतो. जुलैत समुद्राकाठी बसून खाल्लेली सुरमई बंगालच्या उपसागरातली असू शकते, आणि त्यात गैर काही नाही, फक्त ती 'इथलीच' म्हणून जास्त पैसे देऊ नका.

पावसाळ्यात खाडीचं मागा: बोय, काळुंदर, शिंगाळा, खाडीची कुर्ली (खेकडा). नाहीतर सुक्याकडे वळा. सुकटीची किसमूर आणि सुक्या बांगड्याचं तिखलं पावसात जितकं लागतं तितकं डिसेंबरात लागत नाही.

---

आगळवेगळा

सगळे माशातच अडकलेत म्हणून मी सोलकढीवर येतो. ती टेबलावर सगळ्यात आधी येते, आणि तिच्यावरून स्वयंपाकघर कळतं.

नारळाच्या दुधात आमसुलाचं पाणी किंवा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घातलं की रंग फिका गुलाबी, किंचित जांभळट येतो. राणी कलरची सोलकढी दिसली तर रंग किंवा बीट. पेला पाच मिनिटं तसाच ठेवा. खऱ्या नारळाचं दूध वर चढायला लागतं आणि तळाला लसूण-मिरचीचा बारीक गाळ बसतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी गुळगुळीत राहिली तर बहुधा पावडर. आगळात मीठ असतं, त्यामुळे अंदाज चुकला की खारट होते आणि मग साखर टाकून सावरतात. गोड सोलकढी हा सावरलेला अपघात समजावा.

दुसरी परीक्षा तिरफळाची. बांगडा, तारली, पेडवे या तेलकट माशांच्या आमटीत ते हवंच. दाणे काढून टाकून नुसती सालं ठेचून घालतात, वाटणात वाटत नाहीत, वाटलं तर कडवटपणा येतो. पापलेट, कोळंबी, सुरमईच्या रश्श्यात तिरफळ लागलं तर एकच रस्सा सगळ्या थाळ्यांत फिरतोय असं समजा. (@शेवटचा_घास, शिक्षा म्हणून अख्खं तिरफळ चावायला दिलं तर अर्धा तास जीभ बधिर. मंजूर.)

तिसरी तळणाची. मासा हळद, मीठ, मसाला आणि आगळ लावून १५-२० मिनिटं मुरवायचा. आंबटात तासन्‌तास पडला तर मांस भुसभुशीत होतं आणि उलथताना तुटतं. वर बारीक रवा किंवा रवा आणि तांदळाचं पीठ. रवा ताटात गळून पडत असेल तर तेल पुरेसं तापायच्या आधी मासा टाकला किंवा घाईने उलथला. रव्याचा थर माशापेक्षा जाड असेल तर काय ते ओळखा.

---

नुस्तेकार

रंगाचा मुद्दा लाखमोलाचा. माकुल (माणकी) मागवणार असाल तर एवढं सांगून ठेवा: एक तर मोठ्या आचेवर दोन मिनिटं, नाहीतर मंद आचेवर पाऊण तास. मधलं काही झालं की चप्पल. गर्दीच्या रात्री वाळूतल्या खानावळीत ती मधलीच अवस्था मिळते, म्हणून रविवारी माकुल टाळा.

कोळंबीचा आकार बघा. इंग्रजी 'सी'सारखी वाकली असेल तर बरोबर शिजली, गोल वेटोळं झालं असेल तर जास्त.

---

हिशेबनीस

आता बिल.

कार्डावर दराच्या जागी 'एपीएस' लिहिलेलं असतं, म्हणजे आकारमानाप्रमाणे. पापलेट, शेवंड, मोठी कुर्ली, तांबोशी यांच्यासमोर हमखास. त्यांची ऑर्डर देताना तीन गोष्टी विचारायच्या. दर किलोचा की शंभर ग्रॅमचा? वजन साफ करायच्या आधीचं की नंतरचं? तळणावळ त्यात धरलीय की वेगळी? बहुतेक ठिकाणी वजन आधीचं असतं, आणि ते रीतीला धरूनच आहे. फक्त ते तुमच्यासमोर काट्यावर व्हावं. कोळंबी डोकी-सालं काढल्यावर किलोची साधारण अर्धा किलो उरते. कुर्लीत तर कवचच जास्त. एक किलो कुर्ल्या चौघांना पुरतील असं समजू नका.

वजन झालं की आकडा कागदावर लिहून घ्या. तोंडी 'पंधराशेच्या आसपास' हा जगातला सगळ्यात लवचिक आकडा आहे.

जीएसटी: साध्या उपाहारगृहात ५ टक्के. पण खानावळ कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोप्या कराची सोय) असेल तर तिला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, आणि तसं बिलावर लिहावं लागतं. बिलावर जीएसटी क्रमांक नाही आणि कर मात्र लावलाय, असं दिसलं तर विचारायचा हक्क आहे. सेवा शुल्क ऐच्छिकच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळी सहसा हे शुल्क लावत नाहीत, पंखे-दिवे-संगीतवाल्या लावतात.

रोख पैसे जवळ ठेवा. वाळूत रेंज गेली की यूपीआयचं चक्र फिरत बसतं.

---

शेवटचा_घास

'पंधराशेच्या आसपास' :D

वाचनखूण साठवली.

---

खाडीकाठ

मूळ प्रश्नातल्या माणसांकडे कोणीच बघितलं नाही.

मुलं: सुरमई (मधला एकच काटा), पापलेट, हलवा, लेप. पेडवे, तारली, बोय मुलांना नकोत, बारीक काटे फार. तळायच्या आधीच "दोन तुकडे बिनतिखटाचे, फक्त हळद-मीठ" असं सांगा. ट्रेमधल्या सगळ्या तुकड्यांना मसाला लागून गेला की मग काही करता येत नाही. 'फिश फिंगर' मुलांसाठी म्हणून मागवू नका, त्यात बहुतेक ठिकाणी बाहेरून आलेला गोठवलेला बासा असतो. समुद्राकाठी बसून गोड्या पाण्यातला मासा खायचा तर घरीच बरं.

ज्येष्ठ: काट्यांचा प्रश्न त्यांनाही आहेच, संध्याकाळी वाळूतल्या दिव्याच्या उजेडात जास्तच. मऊ हवं असेल तर मुडदुशी तळून. मांस पांढरं, हलकं. रस्सा तिखट असेल तर भातावर आधी सोलकढी, मग रस्सा. टेबल वाळूत न घेता ओट्यावर घ्या, प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वाळूत रुततात आणि उठताना माणूस कलंडतो. घशात काटा अडकलाच तर भाताचे गोळे गिळायला लावू नका, काटा आणखी खोल जातो. डॉक्टरच गाठा.

ॲलर्जी: हा सगळ्यात अवघड मुद्दा. ताटात कोळंबी नसली म्हणून भागत नाही. तवा एकच, तेल एकच, रव्याची परातही एकच. रश्श्यात चवीला कोळंबीची डोकी किंवा जवळा टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. "कोळंबी नको" असं म्हणू नका, "कोळंबी खाल्ली तर दवाखान्यात न्यावं लागतं" असं म्हणा. मग आतला माणूस बाहेर येऊन बोलतो. वेगळा तवा मिळत नसेल तर त्यांच्यासाठी तळलेलं नको, गर्दी व्हायच्या आधी पहिल्या घाण्याचंही नको, कारण तेल कालचं असू शकतं. तिसऱ्या-कालवं यांचंही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

---

गवार

शाकाहारी गडी म्हणून हात वर करतो. मत्स्यथाळीच्या ठिकाणी 'व्हेज थाळी' म्हणून पनीर आणि मिक्स भाजी मिळते. ती मागवण्याइतकं दुसरं पाप नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे का विचारा, आंबोळी किंवा वड्यांबरोबर. नाहीतर कुळथाची पिठी, भात, सोलकढी. सांबाऱ्याचे वाटाणे रात्री भिजवावे लागतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर घरगुती खानावळी आनंदाने करून देतात. आयत्या वेळी मागितलंत तर पनीरच नशिबी.

---

अर्धीवाटी

@गवार, सांबारं + वडे = माशाची आठवण येत नाही. (पळते.)

---

भांग_उधाण

जेवणाबद्दल पुष्कळ झालं. पाण्याकाठचं म्हणताय तर पाणी किती जवळ असेल हेही बघून ठेवा.

कोळ्यांचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आधी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. त्या दिवशी सूर्यास्ताला पाणी लांब आणि मध्ये ओली वाळू. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे दिवेलागणीला भरती. पण ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, टेबलं उचलायची वेळ येत नाही. उधाणाची भरती वेगळी.

याचा ताटाशीही संबंध आहे. तिसऱ्या ओहोटीच्या वाळूत आणि खाडीच्या चिखलात गोळा करतात. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त मागे हटतं, तेव्हा त्या जास्त मिळतात. म्हणून तिसऱ्यांचं सुकं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मागा. ताटातली एखादी शिंपली घट्ट मिटलेली असेल तर उघडायचा खटाटोप न करता बाजूला टाका. दाताखाली वाळू आली तर मिठाच्या पाण्यात पुरेशी ठेवली नव्हती.

देवबागला जाणार असाल तर एक सोय आहे. ती जमिनीची अरुंद पट्टी, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि त्याबरोबर बारीक वाळू, ती थेट रश्श्यात. दुपारचं जेवण नदीच्या बाजूला, संध्याकाळचं समुद्राच्या.

---

पोटोबा

हा धागा छापून पाकिटात ठेवणार. @खाडीकाठ, ॲलर्जीचं वाक्य पाठ केलंय.

खेकड्यांचं कोणी बोललंच नाही. अमावास्येला भरलेले, पौर्णिमेला पोकळ, हे खरं की थाप?

---

कल्ले_लाल

कोळीवाड्यापासून गोव्यापर्यंत सगळे हे मानतात. मी वाद घालत नाही, हातात घेऊन बघतो. खेकडा भरलेला की पोकळ हे त्याने कात कधी टाकली यावर असतं. कात टाकल्यावर कवच नवं आणि मोठं, आत मांस कमी आणि पाणी जास्त. म्हणून एकाच आकाराचे दोन उचला आणि जड तो घ्या. पोटाखालचं कवच अंगठ्याने दाबा, लवत असेल तर पोकळ. मादीचं पोटाखालचं झाकण रुंद, नराचं अरुंद टोकदार. गाभोळी हवी तर मादी, नांगीचं मांस हवं तर नर.

आणि जिवंतच घ्या. मेलेल्या खेकड्याचं मांस फार लवकर बिघडतं. नांग्या बांधलेल्या असल्या तरी डोळे हलतात का ते बघायचं.

---

हिशेबनीस

बांधलेल्या नांग्यांची ओली सुतळीही वजनात येते, बरं का.

---

शेवटचा_घास

हिशेबनीसांबरोबर जेवायला जायची हिंमत कोणात आहे?

---

भांग_उधाण

@पोटोबा, तुमच्यासाठी तिथी काढायला पंचांग उघडलं आणि वेगळंच सापडलं. शुक्रवारी १२ तारखेला वद्य अष्टमी, म्हणजे सूर्यास्त आणि भरती दोन्ही सहाच्या आसपास. उत्तम. पण ११ चा गुरुवार मार्गशीर्षातला आहे. तिसरा. घरात कोणाचा उपास नाही ना?

---

पोटोबा

अरे देवा. सासूबाईंचा आहे. आणि बायकोचाही, हे आत्ता विचारल्यावर कळलं. म्हणजे आठातल्या तीन पानांना गुरुवारी मासा नाही.

---

दांडीवाला

तुमच्या घरचाच प्रश्न नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी गावातलंही गिऱ्हाईक कमी, त्यामुळे खानावळी माल जपून उचलतात. गुरुवारी रात्री जे विकलं जात नाही ते शुक्रवारी दुपारच्या थाळीत पुढे सरकवायचा मोह होतो. शुक्रवार मासे खायचा वार, दुपारी झुंबड असते, एवढ्या घाईत कोण बघतंय?

तेव्हा मासे शुक्रवारी रात्री. संध्याकाळी आधी लिलाव बघायला जा, काय आलंय ते डोळ्यांनी बघा, आणि खानावळीत जाऊन तेवढंच मागा. टेबल दुपारीच सांगून ठेवा. आठ पानं एकदम म्हणजे एका तव्याच्या खानावळीत तळणाच्या दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी दहा-बारा मिनिटांची. मुलांचे तुकडे पहिल्या फेरीत टाकायला सांगा, मोठ्यांचं तोवर रस्सा-भात सुरू होऊ दे.

---

गवार

म्हणजे गुरुवारी रात्री सगळ्यांना सांबारं. बुधवारीच फोन करा, वाटाणे भिजायला हवेत. उपासवाल्यांचं आधी विचारून घ्या, काही घरांत उपास सोडताना कांदा-लसूणही चालत नाही, आणि सांबाऱ्याच्या वाटणात कांदा असतोच.

---

पोटोबा

विचारलं. सासूबाईंना चालत नाही, बायको म्हणते, "सांबारं असेल तर बघू."

शुक्रवारी रात्री आठ पानं, ओट्यावर, समुद्राच्या बाजूला. सहाला लिलाव की सूर्यास्त, यावर घरात मतदान चालू आहे.

---

दांडीवाला

लिलाव. सूर्य शनिवारी परत बुडतलो.